स्टुअर्ट टँक, फुटाला एक इंच

१५ ऑगस्ट १९५४

झेंडावंदनानंतर चावडीसमोर मंजुळाबाईंनी गाठलं. त्यांचा मुलगा चिमाजी लढाईत ब्रह्मदेशात टँकमध्ये मारला गेला, त्याला नऊ वर्षं झाली. सरकारी कागदात एवढंच, की टँकचा ड्रायव्हर होता. म्हणाल्या, "उद्धवराव, तुमी बरम्यात टँकावर हुता न्हवं? माझा चिमा कशात बसायचा त्ये मला दावा की." चार माणसं ऐकत होती. म्हणालो, दाखवतो काय, करूनच देतो. हुबेहूब. दसऱ्याला.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, तुम्ही टँकावर कधी होता? प्रश्न टेक्निकल आहे. लढाईच्या काळात मी डेपोत स्टोअर क्लार्क होतो, आणि स्टोअरमध्ये टँकचे सुटे भाग होते. स्टुअर्ट टँकच्या नऊशे भागांचे नंबर आजही पाठ आहेत. चारचौघांत बोलताना मधला तपशील गळतो, एवढंच. गळता गळता ब्रह्मदेश झाला.

१६ ऑगस्ट

प्लॅन तयार. फुटाला एक इंच, म्हणजे मॉडेल सव्वा फूट लांब. ऐतिहासिक अचूकता हे तत्त्व. एक रिव्हेटसुद्धा अंदाजाने ठोकणार नाही. ऑफिसातून आल्यावर रोज एक तास. पंधरा दिवसांत संपेल. पुढचा महिना नुसतं पॉलिश.

२९ ऑगस्ट

सामान जमलं. देवदारी खोक्याच्या फळ्या, बिस्किटाच्या डब्याचा पत्रा, चाकांवरच्या पट्ट्यांसाठी सायकलच्या जुन्या चेन. तोफेला छत्रीची दांडी. छत्री सौ.ची. पाऊस ओसरला असं माझं मत होतं. तिचं मत ती भिजून आल्यावर कळलं.

प्रत्यक्ष कामाला उद्यापासून सुरुवात.

११ सप्टेंबर

सांगाडा उभा राहिला. उत्तम. डावी बाजू उजवीपेक्षा पाऊण इंच लांब आहे, म्हणजे खऱ्या टँकात नऊ इंच. लढाईत वाकला असेल.

आतलं मात्र अडतं. ड्रायव्हर डावीकडे बसतो की उजवीकडे? त्याची आत शिरायची झडप कुठे? नंबर पाठ आहेत, जागा नाहीत. रजिस्टरात सगळे भाग अल्फाबेटिकल होते.

मंजुळाबाई रोज दारावरून जाताना विचारतात, "कुटवर आलं?" आज विचारलं, आत बसलेल्याला बाहेरचं दिसायचं का. म्हणालो, स्पष्ट.

हल्ली मी मागच्या बोळातून जातो-येतो. जवळ पडतं.

१९ सप्टेंबर, रविवार

सायकलने दिघीला गेलो. तिथे बबनराव भंगारवाल्यांच्या आवारात लिलावातला एक जुना स्टुअर्ट पडून आहे. टेप, वही, पेन्सिल नेली होती.

ड्रायव्हर डावीकडे. हे नक्की झालं. पुढच्या झडपेतून आत शिरलो, सीटवर बसलो आणि झडप वरून खाली आपटली. गंजाने घट्ट. बबनराव जेवायला गेलेले.

दीड तास आत होतो. आधी हाका मारल्या. मग नुसताच ओरडलो. समोर दोन बोटं रुंदीची फट. तिच्यातून एक बाभूळ दिसते, बाकी काही नाही. गुडघे छातीशी. पत्रा इतका तापला की हात कुठे ठेवावा कळेना.

बबनरावांनी पहार घालून झडप उचकटली. म्हणाले, "राव, तुमी ह्याच्यात लढाई केली म्हनं. मंग उघडायचं कसं ठाव न्हाई व्हय?" म्हणालो, आमचं मॉडेल वेगळं होतं.

मापं घ्यायची राहिली.

२० सप्टेंबर

रजा टाकली. अंग दुखतं. दुपारी दार उघडं ठेवून पडलो. सौ.ने लावलं, मी परत उघडलं. काय झालं विचारते. काही नाही. हवा येते.

एक ठरलं. बाकी काहीही होवो, ड्रायव्हरची झडप उघडली पाहिजे.

२ ऑक्टोबर

वरचा बुरूज फिरत नाही. चेन जड आहेत, चाकं फाकतात. रिव्हेटचं तूर्त स्थगित. झडपेला मात्र जुन्या चपलेच्या कातड्याची बिजागरी केली, चौथ्यांदा जमली. फुंकर मारली तरी उघडते. खरी एवढी हलकी नव्हती. अचूकतेत ही सवलत माझ्या जबाबदारीवर घेतली आहे.

सौ. म्हणाली, त्यांना खरं सांगून टाका आणि मोकळे व्हा. दसऱ्यानंतर बघू.

७ ऑक्टोबर, दसरा. संध्याकाळ.

मंजुळाबाई आल्या. सोनं दिलं. टँक पाटावर मांडला होता. त्या खाली बसल्या तोच उजवी चेन गळून पडली. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. विचारलं, "ह्यात चिमा कुटं?" मी झडप दाखवली. त्यांनी बोटाने उचलली. ती हातातच आली.

मी म्हणालो, सरस ओला आहे. मग म्हणालो, मावशी, मी ब्रह्मदेशात कधी गेलोच नाही. हे तोंडातून कसं गेलं कळलं नाही. आत सौ. भांडी लावत होती, तो आवाज थांबला.

त्या म्हणाल्या, "ठाव हाय की. समद्या गावाला ठाव हाय."

मग माझ्याकडे का आलात, असं विचारलं. म्हणाल्या, सांगवीला एक खरा टँकवाला पेन्शन घेऊन आलाय, त्याच्याकडे जायला पाय उचलत नाही. "त्यो समदं सांगंल. चिमा कसा गेला त्ये. तुमी काय सांगनार?"

झडप परत बसवायला बघत होत्या. बसेना. तशीच मुठीत धरून म्हणाल्या, आत लई उकडत आसंल का हो?

दीड तासाचं सगळं तोंडाशी आलं. म्हणालो, छे. वारा चांगला खेळतो.

"बरं," म्हणाल्या आणि उठल्या. टँक नेला नाही. घरात ठेवायला जागा न्हाई म्हणाल्या. झडप पाटावर ठेवून गेल्या.

सौ. म्हणते, पाट मोकळा करा, पानं वाढायची आहेत.