न धुतलेली चादर

मी, म्हाळसाबाई सिदू बंडगर, वय बासष्ट, महापालिकेच्या मुलींच्या शाळेतील सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार साखर पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. याबद्दल गल्लीत दोन मते आहेत, कारण एक विधवा बाई भर दुपारी ओट्यावर बसून रॉकेलात लोखंड धुते, हे लोकांच्या पचनी पडत नाही. गल्लीला मी कधी विचारले नाही, आजही विचारत नाही. वकिलांनी करून दिलेला मसुदा मी परत केला. त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या.

१. माझे यजमान कै. सिदू मायाप्पा बंडगर हे गिरणीत फिटर होते. त्यांचे नाव मी उखाण्याशिवाय कधी तोंडाने घेतले नाही; कायद्याला लागते म्हणून इथे लिहिले. आम्हाला मूलबाळ नाही. यजमानांचे धाकटे बंधू बिरप्पा होटगीला रेल्वेत गँगमन आहेत. पॅसेंजरमध्ये बसून मूठभर शेंगा सोलेपर्यंत होटगी येते. पण मी कधी गेले नाही, ते कधी आले नाहीत.

२. दोन खोल्यांचे राहते घर आणि पोस्टातील शिल्लक बिरप्पांची मुलगी सोनाबाई हिला द्यावी. तिला मी शेवटची पाहिली तेव्हा ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहायला शिकत होती. आता शाळेत वरच्या वर्गात असेल. घर तिच्याच नावावर राहावे, पुढे होणाऱ्या नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नव्हे. वाचायला शिकली नसेल तर आधी शिकावे, मग किल्ली घ्यावी.

३. ज्या शेजारणींनी माझी पितळी भांडी मागून नेली आणि परत केली नाहीत, त्यांना ती बक्षीस दिली असे समजावे. म्हणजे त्यांना माझ्या तिरडीसमोर तोंड लपवावे लागणार नाही.

४. शेजारीण चन्नम्मा कडक भाकरी करून विकते. दिवसाकाठी माझ्याशी बोलणारी ती एकटीच. तिला पाटा-वरवंटा आणि तांब्याचा बंब आजच देऊन टाकला आहे. ती या कागदावर साक्ष करणार आहे, आणि वकील म्हणतात, ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष करू नये, पुढे वांधे होतात. "अय्यो, बंब मिळाला की मला. आता साक्षीला काय, दोन सह्या करते!" असे ती म्हणाली. सह्या दोन नकोत, माणसे दोन हवीत, हे तिला समजावता समजावता माझा घसा बसला.

५. आता गाडी.

दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावातून यजमानांनी बीएसए मोटारसायकल आणली. रविवारी मला मागे बसवून होटगीच्या तलावापर्यंत नेत. मी एका हाताने पदर आणि एका हाताने देव धरून बसे. पुढे गाडी धूर ओकू लागली. यजमानांनी सोप्यात एक पांढरी सोलापुरी चादर अंथरली, इंजिन खोलले आणि जो भाग आधी निघाला तो आधी, असा एकेक भाग ओळीने तिच्यावर मांडला. मला म्हणाले, "हिला हात लावू नगंस. ही माझी बाराखडी हाय." तिसऱ्या ओळीवर असताना त्यांच्या पोटात कळ आली. दवाखान्यातून त्यांना झाकूनच आणले.

त्या दिवशी बिरप्पांनी चादरीची चार टोके उचलली आणि गाठ मारली. सगळे इंजिन खळ्ळकन एका ढिगात. मी ओरडले. ते म्हणाले, "वैनी, माणसं बसायची हायेत की! दादाला कुटं ठिवायचं? लोखंड हाय ते." मी म्हणाले, "भावजी, पुन्हा या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नका." आणि त्यांनी ऐकले. आयुष्यात माझी तेवढी एकच गोष्ट त्यांनी ऐकली.

गठुडे माळ्यावर राहिले. शाळा होती तोवर पोरींच्या कालव्यात दिवस निघून जाई. निवृत्त झाले आणि घर गप्प झाले. मी स्वतःलाच "म्हाळसाबाई, चहा घेणार का?" असे विचारू लागले. एक दिवस उत्तरही दिले. त्याच दिवशी गठुडे खाली काढले. एकटीला घर खायला उठते, दुसरे काही कारण नाही.

एकाही भागाचे नाव मला येत नव्हते. मग मीच नावे ठेवली. चकत्यांचा डबा. उलटी वाटी. भुईछत्र्या दोन. तुटकी बुगडी, तिचेही दोन तुकडे. डोक्याला आणि पायाला भोक असलेला दांडा. कशात काय बसते ते ठरवताना उन्हाळा गेला, हातांची साले गेली, आणि बुगडी दरवेळी उरायची. शेवटी वैतागून निदान चादर तरी धुवावी म्हणून ती मोरीत पसरली. सोड्याची मूठ भरली होती. आणि पाहते तर काय, चादरीवर तेलाचे डाग. दात्यांच्या चाकाखाली चाकाचा, भुईछत्रीखाली भुईछत्रीचा. ओळीने. जागच्या जागी. यजमानांची बाराखडी बिरप्पांना मोडता आली नव्हती.

मी मोरीतच बसून रडले. सोडा हातातच विरघळला.

त्यानंतर एकेक भाग आपापल्या डागावर ठेवला. वजाबाकीची उलटी बेरीज, तसे शेवटून मागे जोडत आले. फक्त एक डाग रिकामा राहिला, आणि जोडणी तिथेच अडली. बोटभर रुंद, करंगळीएवढा लांब, उलटी वाटी आणि दांडा यांच्या मधोमध. वाटीला समोरासमोर भोके आहेत, तेव्हा मधून काही आरपार जात असणार, एवढे मला कळले. मी पेन्सिल घालून पाहिली. लाटण्याचा तुकडाही घालून पाहिला. शेवटी चादर काखेत मारून विजापूर वेशीतल्या महबूब मिस्त्रींकडे गेले आणि म्हणाले, "हा डाग द्या." ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, ये गजन पिन का दाग है. पिस्टन को येइच पकडती. इत्ती पुरानी गाडी की अब किदर मिलती? बोलो तो लेथ पे बना देतूं."

मी नको म्हणाले. ज्यांनी गाठ मारली त्यांनाच पिनेचे ठाऊक असणार. विचारायचे म्हणजे होटगीला जायचे. तेवढे माझ्याने झाले नाही.

म्हणून ही गाडी, आहे तशी, चादरीसह बिरप्पांना द्यावी. चादर धुऊ नये. पिन त्यांच्याकडे असेल तर त्यांनी ती त्या डागावर आणून ठेवावी. मी मेल्यावर का होईना, ठेवावी.

६. दुसरा साक्षीदार. इथली जागा मी रिकामी सोडली आहे. मुख्याध्यापिका करमाळ्याला मुलाकडे गेल्या. महबूब मिस्त्री आजारी आहेत. पोस्टमन म्हणाला, आम्हाला परवानगी नाही. बासष्ट वर्षे या गावात काढली आणि सही करायला दुसरे माणूस सापडत नाही. हे लिहिताना मला लाज वाटत नाही, वाईट वाटते.

७. वरील मजकूर लिहून झाल्यावर घडलेली हकीकत.

चन्नम्माने बाजारात होटगीच्या दूधवाल्याला सांगितले की म्हाळसाबाईंचे मृत्युपत्र झाले. होटगीपर्यंत जाता जाता त्याचे मृत्यूचे पत्र झाले. समासाचा विग्रह चुकला की काय होते ते पोरींना मी जन्मभर सांगत आले. आज सकाळी दारात बिरप्पा उभे. डोक्यावरचे मुंडासे काढून हातात घेतलेले, डोळे सुजलेले. मी ओट्यावर उलटी वाटी पुसत होते.

"वैनी," ते म्हणाले, "तुमी जित्या हायसा?"

"दिसत नाही का?"

ते खाली बसले. उंबऱ्याच्या बाहेर. मग खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. आत पिन, हळदीकुंकवाने माखलेली. "गठुडं बांधताना ही हातात आली. दादाच्या हाताचं तेल होतं हिला. टाकवली न्हाय. तुमी तर येऊ नगा म्हनला, मग देव्हाऱ्यात ठिवली. आज तुमच्यासंगं द्यावी म्हनून आनली."

मी उलटी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "भावजी, आत या."

कुंकू रॉकेलने धुतले. पिन वाटीतून दांड्यात सर्रकन गेली, आणि दरवेळी उरणाऱ्या बुगडीचे दोन तुकडे तिच्या दोन टोकांना बसले. मग मी त्यांना कागद वाचून दाखवला आणि म्हणाले, गाडी तुम्हाला ठेवली आहे, म्हणून तुम्हाला साक्ष करता येणार नाही.

"मग माझं नाव खोडा की. तुमी मेल्यावर गाडी घिऊन काय करू? आत्ता पाना कुटं हाय, ते सांगा."

सबब कलम ५ मधील गाडीची देणगी रद्द. तिला तूर्त वारस नेमलेला नाही. गाडी अजून सुरू झालेली नाही. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो रविवारी पाहायचा आहे. सोनाबाईही येणार आहे. वाचता येते म्हणतात.

ठिकाण: सोलापूर
दिनांक: ९ नोव्हेंबर १९७७

म्हाळसाबाई सिदू बंडगर

साक्षीदार:
१. चन्नम्मा, शेजारीण (सही कानडीत)
२. बिरप्पा मायाप्पा बंडगर, होटगी (सही करताना हात काळे होते. शेजारचा डाग त्यांच्या अंगठ्याचा आहे. तो कोणी पुसू नये.)