पायथ्याशी वस्ती: शून्य

३ एप्रिल, सकाळी ६.१०
आजपासून रोज लिहिणार. धरणाचा मालक म्हटल्यावर रेकॉर्ड पाहिजे. नवं रजिस्टर आणलं, शिट्टी आणली, गमबूट आणले. गमबूट एक नंबर लहान निघाले. बदलून आणेपर्यंत धरणावरची फेरी स्थगित.

धरण मातीचं, वडिलांनी बांधलेलं. दोनशे पावलं लांब, तीन पुरुष उंच. माती आम्ही दोघा भावांनी टोपल्यांनी वाहिली. मी आठ वर्षांचा होतो, त्यामुळे टोपली लहान; पण फेऱ्या मोजल्या तर काम जवळजवळ सारखंच.

७ एप्रिल
मधले दिवस लिहायचे राहिले. विशेष काही घडलंही नाही.

आज तपासणीला सरकारी इंजिनिअर बाई आल्या. भरावावर चालल्या, उंदरांच्या बिळांत काठी घातली, वडिलांनी लावलेल्या झाडाची मुळं बघून चुकचुकल्या. म्हणाल्या, हे झाड काढा. भरावात मुळं शिरली की पाण्याला वाट मिळते. मी म्हटलं, बघू.

मग वर्ग दिला: जास्त धोका.

मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षं उभं आहे. त्या म्हणाल्या, काका, धरण किती मजबूत ते या वर्गात बघतच नाहीत. फुटलं तर खाली कोण आहे, एवढंच बघतात. मी म्हटलं, खाली एकच तर माणूस आहे. म्हणाल्या, एक पुरतो.

८ एप्रिल
झोप नाही. त्या एकाबद्दल लिहूनच टाकतो, म्हणजे विषय संपेल. तो माझा थोरला भाऊ. मी त्याला खालचा म्हणतो. अकरा वर्षांपूर्वी त्याच झाडावरून आमचं वाजलं. तो म्हणाला, तोडू या, धरणाला वाईट. मी म्हटलं, वडिलांची आठवण तोडतोस? तो म्हणाला, वडिलांची आठवण धरण आहे, झाड नव्हे. मी आणखी बरंच बोललो. तो पायथ्याच्या पंपाच्या खोलीत राहायला गेला. त्याची बायको आधीच वारलेली, मुलगी शहरात. तेव्हापासून बोलणं बंद. माझ्या मनात काही नाही. त्याने सुरुवात केली तर मी लगेच बोलेन.

११ एप्रिल
जास्त धोका म्हणजे कटकट फार. झाड काढा, पायथ्याला गाळणीसारखा वाळू-खडीचा थर द्या, आणि आणीबाणीचा फॉर्म भरा. फॉर्मात रकाना: खाली राहणाऱ्यांची नावं व फोन नंबर. नाव माहीत आहे. नंबर नाही. बायकोला सहज विचारलं, एखाद्याचा नंबर कसा मिळवतात? ती म्हणाली, मागून. मी म्हटलं, फोनची गरज नाही, मी शिट्टी मारीन. ती म्हणाली, भाऊजींना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्या बाजूला उभं राहून मारा.

हिला कसं ठाऊक? रोज दुपारी घरातून जेवणाचा डबा नाहीसा होतो आणि संध्याकाळी घासून-पुसून परत येतो. मी कधी विचारत नाही. काही गोष्टी देवावर सोडाव्यात.

१९ एप्रिल
गमबूट बदलून आणले. आता एक नंबर मोठे. फेरी सोमवारपासून.

२४ एप्रिल
सोमवारी जप लांबला. मंगळवारी गुडघा. तरी मनाने धरणावरच असतो. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात पलीकडच्या शेतातला बांध वाहून गेला, आपलं धरण तसूभर हललं नाही. मी सात दिवस देवासमोरून उठलो नव्हतो. हे बाईंच्या नियमात कुठे बसतं?

२ मे
उपाय सापडला. वर्गाविरुद्ध अर्ज करता येतो. खाली वस्ती नसेल तर वर्ग कमी होतो. विचार केला: पंपाची खोली हे घर आहे का? नाही. कागदोपत्री तो पंप आहे. पंपात कोणी राहतं असं कोणत्याही कागदात नाही. म्हणून अर्जात स्वच्छ अक्षरात लिहिलं: पायथ्याशी वस्ती: शून्य.

आयुष्यात खोटं बोललो नाही. हेही खोटं नाही, तांत्रिक आहे.

४ मे
बायकोने अर्जाची नक्कल वाचली. मग म्हणाली, मग मी अकरा वर्षं डबा कुणाला देतेय?

तिला तांत्रिक बाजू समजावली. ती उठून गेली.

१५ मे
घोटाळा झाला. नियम असा की अर्जावर खालच्या जमिनीच्या मालकाची सही लागते. खालची जमीन त्याच्या वाट्याची. मला वाटलं, ऑफिसातच शिक्का मारतील. बाई कागद घेऊन त्याच्याकडे गेल्या.

परत येताना माझ्याकडे थांबल्या. पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणाल्या, त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. अक्षर सुधारलंय म्हणाले. मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही सही करायलाच पाहिजे असं नाही, तुम्ही तर इथे दिसताय. ते म्हणाले, माझ्या भावाच्या हातचं आहे. तो देवाधर्माचा माणूस, खोटं लिहायचा नाही. सही केली. मग विचारलं, हे खरं व्हायला किती दिवस आहेत?

बाईंनी फेरतपासणीची तारीख सांगितली. ३० मे.

१६ मे
तो गंमत करत असेल. त्याला सवय आहे. उद्या खाली जाऊन अर्ज मागे घेतो म्हणून सांगणार. पक्कं.

२० मे
काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. दीड पान झालं. फार लांबतंय. छोटं करून मग जातो.

२५ मे
अर्ध्या पानावर आणलं. सुरुवात जमत नाही. दादा म्हणून सुरू करावं तर एकदम सलगी वाटते. काहीच न म्हणता सुरू करावं तर उद्धट.

२८ मे, सकाळी ९.३०
पुतणी टेम्पो घेऊन आली. सामान फार नव्हतंच: खाट, पेटी, स्टोव्ह, एक खुर्ची. मी सहालाच जाणार होतो. जप मध्येच सोडवेना. मग गेलो, पण भरावापर्यंतच. झाडामागे उभा राहिलो. बुंधा आता चांगला रुंद झाला आहे, माणूस अख्खा मावतो.

टेम्पो निघताना त्याने वर पाहिलं. झाडाकडे पाहिलं असेल.

बायको खाली गेली होती. खोलीची किल्ली आणि एक वही घेऊन आली. म्हणाली, भाऊजींनी दिलीय, धरणाची आहे. आणखी काही म्हणाले का, असं मी विचारलं. म्हणाली, विचारलं त्यांनी, तो येतोय का. मी त्यांना सांगितलं, जप चाललाय. ते म्हणाले, मग नको उठवूस.

२९ मे
वही वाचली. एक नव्हे, अशा चार वह्या खोलीत आहेत. अकरा वर्षं, रोज सकाळी. पायथ्याला जिथे पाणी पाझरतं, तिथे तो पत्र्याचा डबा लावत होता आणि भरायला किती वेळ लागतो ते लिहीत होता. डबा लवकर भरला तर पाझर वाढला. दोन मिनिटं चार सेकंद, स्वच्छ. दोन मिनिटं, स्वच्छ. आजारपणातही नागा नाही.

तीन वर्षांपूर्वीचा पावसाळा काढून पाहिला. लिहिलंय: पन्नास सेकंद. पाणी गढूळ. माती येते आहे. झाडाच्या अंगानेच. वाळूची पोती टाकली, वर खडी. दुसऱ्या दिवशी: पुन्हा वाळू. तिसऱ्या दिवशी: पाठ धरली. असे सात दिवस. सातव्या दिवशी: पाणी निवळलं. वर कळवलं नाही, तो घाबरतो.

३० मे
बाई आल्या. खोलीला कुलूप. कागदावर खूण केली आणि गेल्या. माझं लिहिलेलं खरं ठरलं.

३ जून
झाड तोडायला माणूस आणला. तोडणारा म्हणाला, दहा वर्षांपूर्वी काढायला हवं होतं. मी म्हटलं, अकरा. बुंधा गेला, पण मुळं पार आत गेलीत. ती आता कुजणार आणि पोकळ वाटा ठेवणार. थर मात्र नीट द्यायचा. वाळू मी स्वतः वाहणार.

५ जून
वाळूच्या सहा टोपल्या. पाठ धरली. उरलेल्या मजूर टाकतील.

९ जून
पत्र आलं. वर्ग: कमी धोका. बायकोला दाखवलं. ती दुपारचा रिकामा डबा फडताळात वरच्या फळीवर ठेवत होती. म्हणाली, ठेवा तिकडे.

११ जून, सायंकाळी ५
नंबर मागितला. बायकोने न बघता सांगितला, तोंडपाठ. फोन लावला. ते अर्धं पान समोर होतं. त्याने उचलला आणि मी म्हटलं, दादा, पाणी स्वच्छ आहे.

तो म्हणाला, किती वेळात भरला?

घड्याळ न्यायचं राहिलं होतं. म्हटलं, एकशे आठ जपांत. तो म्हणाला, सावकाश जपलास की उरकलास? मी म्हटलं, सावकाश. म्हणाला, मग ठीक आहे.

तिसऱ्या मजल्यावर राहतो म्हणे. आता तू कितीही पाणी सोडलंस तरी पोचायचं नाही, म्हणाला आणि हसला. मीही हसलो. पुतणीने चहाला हाक मारली, त्याने फोन ठेवला. परत ये म्हणायचं अर्ध्या पानाच्या शेवटी होतं.

१२ जून, सकाळी ६
पाऊस जवळ आला. आणीबाणीचा फॉर्म काढला. खाली राहणाऱ्यांची नावं व फोन नंबर, या रकान्यात दादाचं पूर्ण नाव लिहिलं. नंबर लिहिला, दोनदा पडताळला. अक्षर चांगलं आलं.

मग फॉर्मच्या खालची बारीक अक्षरातली ओळ वाचली. कमी धोक्याच्या धरणांनी हा रकाना भरू नये.