डोक्याचा फोटो आणि अण्णांचे कान

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आता माझेही कान वाजायला लागलेत. तुमच्या कानात रातकिडे असायचे, माझ्या कानात कुकरची शिट्टी व्हायच्या आधीची ती सूं आहे. इथे शिकागोजवळ नेपरव्हिलच्या हिवाळ्यात खिडक्या गच्च बंद, बाहेर बर्फ, त्यामुळे ऐकायला दुसरं काही नाही. नवरा म्हणाला, "फ्रीज असेल." एका रविवारी फ्रीज बंद करून पाहिला. आइस्क्रीमचं पाणी झालं, सूं तशीच. शेवटी डॉक्टर म्हणाले, औषध नाही, पण शिकागोच्या एका विद्यापीठात अशा लोकांच्या मेंदूचे फोटो काढून अभ्यास चाललाय, जाता का? मी ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. म्हटलं, एकदा आपल्या डोक्यातली कोणी शोधू दे.

गेल्या मंगळवारी ट्रेनने गेले. तिथली संशोधक मुलगी भाचीच्या वयाची. मशीन म्हणजे मोठं लोहचुंबक, म्हणून अंगावर काहीही धातूचं नको म्हणाली. मंगळसूत्र काढलं, जोडवी निघाली, पाटली काही निघेना. हाताला लोशन चोपडून आम्ही दोघी ओढत बसलो. निसटली ती थेट कचऱ्याच्या डब्यात. मग तिने फॉर्म दिला. त्यात एक प्रश्न होता, घरात आणखी कोणाला हा त्रास आहे किंवा होता का? मी 'नाही' लिहिलं. खरं सांगते, तुम्ही मनातही आला नाहीत. आपल्याकडे ते दुखणं नव्हतंच, ते तुमचं सोंग होतं. आई म्हणायची ना, "काम सांगितलं की ह्यांना ऐकू येत नाही, पान वाढलंय म्हटलं की बरोबर येतं."

मग मला त्या नळीत सरकवलं. कानांवर हेडफोन, त्यातून बारीकमोठे सूर वाजणार, मी फक्त ऐकायचं आणि अजिबात हलायचं नाही. पण सुरांच्या आधी मशीनच सुरू झालं. ठण ठण ठण ठण! अण्णा, अहो, तुम्ही कामाला होतात तो पत्र्याच्या ट्रंकांचा कारखाना! मी डबा घेऊन दारात उभी आहे, पंधरा माणसं पत्र्यावर हातोडे घालतायत, तुम्ही ओरडताय, "काय आणलंयस?" मी ओरडते, "भेंडी!" तुम्ही हातोडा खाली ठेवता आणि काळजीने विचारता, "शेंडी? कोणाची?" मला त्या नळीत असं हसू फुटलं की पोट गदगदायला लागलं. हेडफोनमधून आवाज आला, "तुम्ही ठीक आहात ना?" मी म्हटलं, "हो, वडील आठवले." ती म्हणाली, "फोटो हलला. पुन्हा काढावा लागेल."

बाहेर आल्यावर तिने विचारलं, वडील काय करायचे? मी म्हटलं, ट्रंका. इथे ट्रंक म्हणजे गाडीची डिकी, तिला तेच वाटलं. हातवारे करून पेटी समजावली, हातोडे समजावले. "त्यांचे कान वाजायचे?" तिने विचारलं. "तीसेक वर्षं," मी म्हटलं. तिने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. 'नाही' खोडून मी लिहिलं, 'हो, वडील'.

पडद्यावर माझा मेंदू अक्रोडासारखा दिसत होता. यातला तो आवाज कुठला, मी विचारलं. ती म्हणाली, "एकाच्या फोटोवर बोट ठेवून नाही सांगता येत, पुष्कळ जणांचे ताडून बघावे लागतात. पण कानाकडून कमी यायला लागलं की मेंदू स्वतःच आवाज करत असावा, असं आम्हाला वाटतं. खोटं नसतं ते." घरी येऊन लगेच आईला फोन लावला, हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "असेल. पण जेवायचं ऐकू यायचं हो त्यांना."

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, तेव्हा एक सांगूनच टाकते. सातवीत असताना मी आणि दादा तुमच्यासमोर बसून आवाज न काढता नुसते ओठ हलवायचो. तुम्ही आपले "हो, हो" करायचात, आम्ही मोरीत जाऊन हसायचो. एकदा तुम्ही पेपर खाली ठेवलात आणि हळूच विचारलंत, "बोलतेयस ना गं? मला काहीच ऐकू येत नाहीये." मी मान हलवून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तुम्ही कान दाखवून आलात.

मी बोलत नव्हते, अण्णा.