आयला काय वाचून दाखवायचं

दादा,

आपल्या बाला घेऊन मी आटगाव स्टेशनावर चाललोय, तिथून आगगाडीनं कल्याणच्या दवाखान्यात. धर्माकाकाची बैलगाडी मिळाली. तू कसाऱ्याहून ड्युटी करून आलास की तसाच मागनं ये.

सकाळी खळ्यावर भात झोडताना बाला उलटी झाली, भिजल्या राखेसारखी काळी. आयनं लगेच पाण्यात खायचा सोडा ढवळून पाजला, रोजच्यासारखा. त्यावर दुसरी उलटी झाली, तिच्यात रक्तच होतं.

शहापूरचा डाक्टर येऊन गेला. तो बोलला, पोटात जुनी जखम आहे. सोड्यानं जळजळ तेवढी दबायची. ढेकर आली की आपण समजायचो, बाला बरं वाटलं. आत जखम वाढत होती. दिवाळीत मी तुला बोललो होतो, बा सुकत चाललाय. तू बोललास, सोड्यानं कुणी मरत नाय.

तू आणलेला सोड्याचा डबा मी गोठ्यामागं पुरलाय. दुसरा आणू नको.

आयला यातलं काय सांगितलं नाय. रस्त्यात जळजळलं तर असावी म्हणून तिनं बाच्या धोतराच्या सोग्यात सोड्याची पुडी बांधून दिलीय. वाटेत मी ती सोडून फेकून देईन. बा आता बोलत नाय, माझं मनगट तेवढं धरून आहे.

आयला वाचता येत नाय. ती हा कागद तुझ्याकडनं वाचून घेईल. तेव्हा एवढंच वाच, की बाला ढेकर आली.

महादू