चाळणीला शीटचा भाव

आत्या, अजून सांगतो, मला नीटनेटकं राहायला शिकवलंस तीच तुझी चूक. (गुडघा कसा आहे? तेल चोळतेस ना? मामांना नमस्कार सांग, पण भांडण आधी.) परसातला कडबा रचल्याशिवाय तू मला जेवायला वाढायची नाहीस. ती सवय इथे डोंबिवलीत माझी नोकरी खायला निघालेली.

झालं असं. आमची बटणाची कंपनी परदेशातून प्लास्टिकचे शीट आणते, त्यातून बटणं पाडते आणि सगळी परत परदेशात धाडते. म्हणून शीट आणताना सरकार ड्युटी, म्हणजे आयातीचा कर, घेत नाही. मागे उरते ती नुसती भोकाभोकांची चाळण. ती इथे भंगारात विकली की मग ड्युटी, तीही भंगाराच्या भावावर. बाकीचे ती कोपऱ्यात भिरकावतात. मी कडा जुळवून, सुतळीने बांधून, कडब्यासारखी गंजी रचली. नेमक्या कस्टमच्या सुमेधा मॅडम तपासणीला आल्या. म्हणाल्या, "भंगार असं कोण ठेवतं? हा चांगला माल आहे. शीटचा भाव लावा." शीट चारशे रुपये किलो! मॅनेजर श्रीपाद साहेब, दुधात तोंड घातलेल्या मांजराकडे तू बघतेस ना, तसे माझ्याकडे बघायला लागले. "हे निस्तर, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस."

मी मॅडमना म्हटलं, "रस काढल्यावर चिपाडाला उसाचा भाव कोण देतं? बोली लावून बघा." त्या पण हट्टी. "लावा, माझ्यासमोर." शीळफाट्याहून भंगारवाले काळुराम शेठ आले. गंजीभोवती एक फेरी मारून म्हणतात, "पोरा, रचलंस भारी, पन भोकांचं पैसं कोन देनार? बारा रुपये किलो."

"बारा? हा तुमचाच माणूस दिसतो," मॅडम म्हणाल्या. आता लिलाव चालू असताना मला गप्प बसवतं का, तूच सांग! (गणपतीच्या नारळाला मी काय करतो, अख्ख्या गावाला ठाऊक आहे.) ओरडलो, "तेरा!" शेठनी हात जोडले. मॅडमनी एक वार, दोन वार, तीन वार केलं आणि कागदावर तेरा लिहिलं. चारशेचे तेरा केले, आत्या, सहावी नापासाने! साहेबांनी स्वतः चहा पाजला. नोकरी पक्की, वर भंगाराचं अख्खं यार्ड माझ्या ताब्यात.

तुझा आनंदा

ता. क. बोली जिंकली की माल उचलावा लागतो, हे चहा पिऊन झाल्यावर कळलं. दोनशे चाळीस किलो आहे. ड्युटी कंपनीने भरली, उपकार त्यांचे. गुरुवारी टेम्पो तुझ्या दारात येईल, तेवढा गोठा रिकामा कर. कोंबड्यांना कुंपण होईल.

ता. क. दुसरा. पगारातून मालाचे तीन हजार एकशे वीस कापले, टेम्पोला नऊशे गेले. म्हणून या महिन्याला पाच हजारांऐवजी पाठवतोय रुपये नऊशे ऐंशी.