डावीकडचा फिल्टर

३ नोव्हेंबर, सोमवार

माऊली मशीन ठेवून गेला. चादरीत गुंडाळलेलं, मित्राच्या बाईकवर मागं बसून, गावाहून, राहूपासून शिक्रापूरपर्यंत मांडीवर धरून आणलेलं! सिंथेसायझर. जुना, अ‍ॅनालॉग. पट्ट्या कमी, नॉबच जास्त.

"ताई, ह्यो एक स्विच खरखरतोय. तेवढा बघ. तुझं आयटीआय कवा कामाला यायचं?"

धाकटा आहे म्हणून ऐकून घेतलं. ऑर्केस्ट्रात वाजवतो, आता लग्नांच्या तारखा सुरू होतील. तेवीसला कोरेगाव भीमाला लग्न आहे, त्याआधी पाहिजे म्हणाला. चहा न घेताच गेला.

४ नोव्हेंबर

सकाळी मशीन उघडलं. माझी रूममेट स्नेहल, आमच्याच कारखान्यातली, रात्रपाळी करून आलेली, झोपली होती. खोली एकच, म्हणून हेडफोन लावून बसले.

खरखरणारा स्विच नेमका महत्त्वाचा निघाला. आत दोन फिल्टर आहेत. फिल्टर म्हणजे आवाजाची चाळणी — काही जाऊ देतो, काही अडवतो. स्विच एकीकडं केला की सिरीज : आवाज आधी ए मधून जातो, उरलेला बी मधून. दुसरीकडं केला की पॅरलल : एकाच आवाजाच्या दोन वाटा होतात. ए मधला डाव्या कानात, बी मधला उजव्या कानात.

स्विचचे पाय काळे पडलेले. साफ केले, सोल्डरिंगचे दोन टाके नव्याने मारले. खरखर गेली. अर्ध्या तासाचं काम!

मग गंमत म्हणून ए वर फक्त जाड आवाज सोडला आणि बी वर फक्त बारीक. सिरीजमध्ये मधली चिंचोळी पट्टी उरली. नाक दाबून कुणी बोलावं तशी. पॅरललला टाकलं — उजवीकडं बारीक आवाज छान. डावीकडं काहीच नाही. म्हणजे अगदी काहीच नाही असं नाही. शेजारच्या बिल्डिंगमध्ये वाजतंय असं.

ए गेलेला दिसतोय.

५ नोव्हेंबर

ए चं कार्ड काढून बी च्या जागी लावलं, बी चं ए च्या. डावीकडं तरीही तसंच. मग फिल्टर चांगला आहे, बिघाड पुढं आहे. बाहेर पडायच्या वाटेवर.

६ नोव्हेंबर

डाव्या वाटेवरची आयसी, म्हणजे चिप, बदलली. फरक नाही. वैताग!

पाळीला उशीर होता होता वाचला. आज केबिनमध्ये मोटरींचा ढीग. कुणी विचारलं की मी सांगते, मी कारखान्यात मोटरी ऐकते. लोक हसतात. पण काम तेच आहे. गाडीतल्या एसीची मोटर, आवाज बंद केबिन, मी आणि दोन बटणं. घरघर, टिकटिक, घासल्यासारखं काही आलं तर लाल. नाहीतर हिरवं. आमच्या लाइनवर ह्या कामाला तीनच जणी. कान पाहिजे म्हणतात.

८ नोव्हेंबर, शनिवार

हेडफोनचा जॅक बदलला. नाही.

स्नेहल पलंगावरून काहीतरी विचारत होती म्हणे, मी उत्तर दिलं नाही. "भाव खातीस व्हय गं? तीनदा हाक मारली." मशीनमध्ये डोकं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

एक करून बघितलं. हेडफोनच खराब असेल म्हणून उलटा घातला. डावा उजव्या कानावर, उजवा डाव्यावर.

जाड आवाज वाजला! स्वच्छ, भरलेला, छातीत उतरणारा. ए उत्तम चालतोय.

पण आता बारीक आवाज गेला.

परत सुलट घातला. बारीक आला, जाड गेला. परत उलटा. बराच वेळ हेच करत बसले. मग मशीन बंद केलं, कपडे धुतले.

१० नोव्हेंबर

डाव्या कानाशी चुटकी वाजवून बघितली. ऐकू येते. उजव्याशी वाजवली. मग कळलं, 'ऐकू येते' म्हणजे काय.

११ नोव्हेंबर

माऊलीला फोन करून बोलावून घेतलं. स्विच झालाय, एकदा ऐकून जा म्हटलं. दुसरं काही बोलले नाही.

त्यानं हेडफोन लावला, आवाजाचा नॉब पार वर नेला. बाहेर मलासुद्धा ऐकू येत होतं. डोळे मिटून दोन-तीन सूर धरले.

"कसं वाजतंय?"

"एकच नंबर!"

"डावीकडं?"

"दोन्हीकडं वाजतंय की. का गं?"

मग सांगितलं. तो बराच वेळ हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला. नंतर म्हणाला, "डॉक्टरला दाखव. उद्याच." इतक्या गंभीरपणे बोलायची त्याला सवय नाही. मशीन न्यायचं विसरला. परत वर येऊन घेऊन गेला.

१३ नोव्हेंबर

शिरूर. कानाचे डॉक्टर. चिमट्यासारखा एक लोखंडी काटा वाजवून कपाळावर टेकवला, विचारलं कुठल्या बाजूला ऐकू येतंय. डाव्या बाजूला! मी म्हटलं, म्हणजे बरा आहे? ते म्हणाले नाही, त्याचाच अर्थ बिघडलाय. मग काचेच्या खोलीत बसवून मशीनवर तपासलं. हात वर करायचा, आवाज आला की. डावीकडच्या वेळी हात मांडीवरच राहिला बराच वेळ.

कानातलं सगळ्यात लहान हाड हलायचं थांबत आलंय. हळूहळू होतं, म्हणून कळत नाही. ऑपरेशन होतं पुण्याला, बहुतेकांना ऐकू येतं परत. "काळजी करू नका." केली नाही. निदान तिथं तरी.

निघताना विचारलं, घरात कुणाला आहे का असं? म्हटलं विचारते.

१४ नोव्हेंबर

काल रजा होती, आज केबिनमध्ये. उजवा कान पुढं करून बसले होते. माझ्या लक्षात आलं की मी कायम अशीच बसते. खुर्चीसुद्धा तिरकी आहे. कधीपासून?

एक मोटर दोनदा ऐकली. हिरवं दाबलं. मग उठून ती परत मागवली आणि लाल दाबलं. ती खरंच खराब होती का, मला माहीत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

राहूला गेले. आईनं बाजरीच्या भाकरी केल्या. जेवताना विचारलं. ती थापता थापता थांबली.

"म्हस्कूमामा न्हवता का तुझा. तिशीतच बहिरा झाला. आधी एक कान, मग दुसरा. मेंढरं रानात भलतीकडं जायाची आन् ह्याला घंटाच ऐकू यायची न्हाई. आम्ही म्हनायचो, त्याला ताप आला व्हता तवा गेलं."

"आणि कुणाला?"

"आज्याला. पर त्यो म्हातारपनी." मग माझ्याकडं बघून, "तुला काय झालं गं बये?"

सांगितलं. ती रडली नाही. भाकरी करपली, ती कुत्र्याला टाकली, दुसरी थापली. मला म्हणाली, इकडं बस, माझ्या डाव्या अंगाला. म्हणजे तुझा चांगला कान माझ्याकडं व्हईल.

१७ नोव्हेंबर

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, मग तुमच्या भावाचीही तपासणी करून घ्या. लगेच माऊलीला लावला.

"मला काय झालंय? धडधाकट हाय मी."

"एकदा करून घे."

"तेवीसचं लग्न होऊ दे."

१९ नोव्हेंबर

कारखान्यात सांगून टाकलं. सुलक्षणा मॅडमकडं गेले, क्वालिटीच्या. दार लावून घेतलं, रिपोर्ट टेबलावर ठेवला. त्यांनी नीट वाचला.

"प्रगती, आधी सांगायचं ना."

"मला आधी कळलं नाही, मॅडम."

"गेल्या महिन्यात खराब मोटर पास झाल्याची एक तक्रार आली होती. मी म्हटलं होतं, प्रगतीच्या हातून होणार नाही."

उद्यापासून पॅकिंगला. ऑपरेशन झाल्यावर परत बघू म्हणाल्या. वाईट वागल्या नाहीत. केबिनमधून पाण्याची बाटली घेतली आणि स्वेटर.

२० नोव्हेंबर

पॅकिंग. खोके, टेप, स्टिकर. ऐकायचं काहीच नाही. स्नेहल दुपारच्या पाळीला आली, माझ्या खुर्चीत बसली. काचेतून दिसत होती. आधी खुर्ची सरळ केली तिनं.

२३ नोव्हेंबर, रविवार

कोरेगावच्या लग्नाला गेले. खरं तर माऊलीचं ऐकायलाच. स्टेजच्या उजव्या बाजूला, स्पीकरपासून लांब उभी राहिले. मशीन मधोमध मांडलेलं. नवरी आली तेव्हा त्यानं दोन्ही फिल्टर पॅरललला टाकले. बोटं हलली तेव्हाच ओळखलं. जाड आवाज एका स्पीकरमधून, बारीक दुसऱ्यातून, एकाच सुराचे दोन. मला दोन्ही आले, एकाच कानात का होईना. लोक जेवत होते, कुणी वर पाहिलं नाही. मी मात्र थांबले शेवटपर्यंत.

ऑर्केस्ट्राचा ढोलकीवाला भैरू म्हणाला, "ताई, त्याला सांगा की जरा आवाज कमी ठेव म्हणून. आमचं कुनाचं ऐकतच न्हाई."

२६ नोव्हेंबर

माऊलीला स्वतः घेऊन गेले शिरूरला. काचेच्या खोलीत तो बसला, मी बाहेर. आतून तो सारखा माझ्याकडंच बघत होता. हात किती वेळा वर झाला ते मी मोजलं नाही. डॉक्टरांना बाहेर जायचं होतं, रिपोर्ट रविवारी घेऊन जा म्हणाले.

३० नोव्हेंबर, रविवार

त्याचे दोन्ही कान. दोन्ही माझ्या डाव्यापेक्षाही खराब.

"तुला कळलं नाही रे?"

"दोन वर्षं झाली, ताई. म्हणून तर मशीन घेतलं. ह्याचा जाड आवाज कानात न्हाई आला तरी छातीत कळतो."