अखाजीच्या दिवशी दार उघडं ठेवण्याबद्दल

शिंदखेडा,
एप्रिल १९९५

तीर्थरूप गिरधरनाना,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते (टपालातून जेवढं ठेवता येतं तेवढं). मी बरी आहे. सुनंदावहिनींचा गुडघा कसा आहे? आणि तुमचे कान? मागच्या खेपेला तुम्ही दर वाक्याला ‘काय?’ म्हणत होतात. वरणगावच्या कारखान्यात इतकी वर्षं काढल्यावर कानांनी तरी किती ऐकावं! म्हणून हे लिहूनच कळवते. ओरडून सांगण्यासारखं नाही.

यंदा अखाजीला मला माहेरी न्यायला येऊ नका. रागावण्याआधी पुढचं वाचा. त्या दिवशी धुळ्याला माझा पेपर आहे. बी.कॉम.चा शेवटचा, कॉस्टिंगचा. तारीख पंचांगातल्या अक्षय्य तृतीयेशी ताडून पाहिली, दोनदा पाहिली, तरी तीच निघाली.

हा अभ्यास माझ्या गळ्यात कसा पडला ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि मीही सांगितलं नाही. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांना घेणारं विद्यापीठ निघालं आहे हे तुमच्या मेव्हण्यांनी पेपरात वाचलं. (कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते ना, पेपर फुकट वाचायला मिळायचा.) मी चौथी शिकलेली, पण वाण्याच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाही हे त्यांना माहीत होतं. फॉर्म आणला, त्यांनीच भरला, आणि विषयही त्यांनीच ठरवला. म्हणाले, गोष्टी तू वाचतेसच, आता हिशेब वाच. पुढे काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. पुस्तकांचा गठ्ठा आला तो नेमका त्यांच्याच तेराव्याला, पंगत बसलेली असताना. आमच्या भाऊबंदांतल्या झिपरूआबांना वाटलं, सरकारची मदत आली. चार माणसांसमोर सुतळी तोडली तर आत जमाखर्च. भटजींनी कसला विधी राहिला असं समजून पुस्तकांना कुंकू लावलं. ते अजून आहे.

पहिल्या रविवारी धुळ्याच्या केंद्रावर गेले तर शिपायाने विचारलं, ‘पोरगं कोणतं तुमचं?’ मी म्हटलं, पोरगं नाही. तर तो म्हणाला, ‘मग पोरगी असेल, बसा तिथे,’ आणि मला व्हरांड्यात आयांच्या ओळीत बसवलं. मला वाटलं, बायकांचा वर्ग बाहेरच भरत असेल. अख्खा तास मी खिडकीतून ऐकला. येईल त्याच्या नावे, जाईल त्याच्या जमा, हे मी भिंतीला टेकून शिकले, म्हणून ते अजून पाठीत पक्कं बसलं आहे. शेवटी सरांनी हजेरी घेतली. ‘बेबाबाई तोताराम पाटील.’

नाना, माझ्या तोंडाने ह्यांचं नाव लग्नातल्या उखाण्याखेरीज कधी निघालं नाही. आणि ते गेल्यापासून त्यांच्या नावाने हाक मारणारंही कोणी उरलं नव्हतं. इथे भर वर्गात कोणीतरी मोठ्याने पुकारलं. मी व्हरांड्यातूनच ‘हजर’ म्हटलं. पोरं हसली. तेव्हापासून मी एकही रविवार चुकवलेला नाही. सरांना वाटतं, बाईंना अभ्यासाची फार गोडी. त्यांना तसंच वाटू द्या.

अभ्यास मला जमतो, पण घसाऱ्याशी माझं भांडण झालं. सरांनी घरातल्या वस्तूंची किंमत लिहून घसारा लावायला सांगितला. मी सगळ्याला लावला, जात्यालासुद्धा, फक्त ह्यांच्या सायकलीला नाही. सरांनी लाल रेघ मारली. म्हणाले, वापरली की वस्तूची किंमत कमी होते. मी म्हटलं, ती कोणी वापरतच नाही. तर म्हणाले, ‘बाई, नुसती ठेवली तरी कमी होते.’ एक गुण गेला. गेला तर गेला. मी सायकलीला तेल घालते आणि पुसून ठेवते.

माझ्या बाकावर रईसा बसते, शिलाईकाम करणाऱ्या अमीनभाईंची मुलगी. वयाने माझ्या निम्मी, पण मला दटावते. माझा ताळेबंद एकदा पहिल्याच फटक्यात जुळला, मी खूश. तर म्हणते, ‘काकू, नाचू नका. दोन्हीकडे सारखी चूक असली तरी जुळतं.’ पाहिलं तर खरंच तसंच होतं. इथे शेजारची कुंदाबाई रोज विचारते, ‘बेबाबाई, आते तू काय कलेक्टर व्हशी का?’ मी सांगते, होईन आणि पहिली तुझी बदली करीन.

एवढं हसून झालं. आता वहिनींना चहा टाकायला सांगा आणि उत्तर लिहायला बसा.

तुमची धाकटी बहीण,
बेबा

ता. क. : न्यायला येऊ नका असं लिहिलं, पण या. भुसावळहून सुरतेच्या पॅसेंजरने शिंदखेड्याला उतरा, आदल्या दिवशीच. तुमच्या घरची घागर तुमचा भटू भरेल, आता त्याला मिशा फुटल्या आहेत.

ता. क. दुसरा : खरं कारण आता लिहिते. अखाजीला दुपारी पितर पाणी प्यायला येतात, आणि माझ्या घरात दुसरं माणूस नाही. झिपरूआबांना त्या दिवशी घरी बसाल का विचारलं तर म्हणाले, ‘बाई पेपरले जाई, अन् तो बिचारा पानी पेवाले येई तं दारले कुलूप!’ आणि उठून गेले. पुस्तकांत याचं उत्तर नाही, नाना. पेपर सोडला तर त्यांनी भरलेला फॉर्म वाया जातो, आणि दिला तर ते उंबऱ्यावरून तहानलेले परत जातात. घागर मी पहाटे भरून ठेवीन, वर खरबूज ठेवीन, सांजोऱ्या करून जाईन. तुम्ही फक्त कुलूप न लावता बसा आणि विस्तवावर त्यांच्या नावाचा घास टाका. मेव्हण्याच्या हातचा चालतो का, हे मी भटजींना विचारलेलं नाही. विचारलं की ते नाही म्हणतात.

ता. क. तिसरा : आमरसात तूप घालू नका, त्यांना आवडत नसे. आणि मी कुठे आहे असं वाटून ते इकडेतिकडे पाहतील, तर सांगा, पेपरला गेली आहे, तुम्हीच धाडली होती. जरा मोठ्याने सांगा, तुम्हाला हल्ली स्वतःचा आवाज कळत नाही. पेपर दोनला सुटतो, मग एस.टी.ने येते. जमलं तर त्यांना थोडं थांबवून ठेवा.